शहाण्णव पानं

४ फेब्रुवारी

टाचणी,

सहावा येतोय.

तुला कळलंच असेल, तिकडे बातम्या लवकर पोचतात. तरी लिहितेय. अकरा वर्षांत तुला पत्र लिहिलं नाही. तुझा फोन आला की मी तो बाबांच्या हातात देते आणि पुठ्ठे कापायला निघून जाते. त्यामुळे सुरुवात कशी करायची हे कळेना, म्हणून बातमीनंच केली.

पुस्तकांच्या दुकानातल्या बाईंचा फोन आला होता. ‘घंटांचा देश’च्या सहाव्या भागासाठी त्यांच्या यादीत बाबांचं नाव अजून पहिलं आहे. बाबा खळीचा डबा हातात घेऊन बाइंडिंगच्या खोलीत आले आणि म्हणाले, “जूनमध्ये. पक्कं.”

मी म्हटलं, “मागच्या वेळीही पक्कंच होतं.”

“या वेळी मुखपृष्ठ आलंय.”

“चित्रकाराला वेळ होता, त्यानं काढलं. लेखिकेनं लिहिलंय का ते विचारा.”

“तू ना,” बाबा म्हणाले, “चांगल्या बातमीलाही दाबाखाली ठेवतेस.” आणि खळीचा डबा उघडाच टाकून शेजारच्या घड्याळजीला सांगायला गेले. घड्याळजीनं आयुष्यात गोष्टीचं पुस्तक उघडलेलं नाही. पण त्याला म्हाताऱ्या ड्रॅगनचा उजवा पंख कसा गेला हे तोंडपाठ आहे, इतक्यांदा ऐकावं लागलंय बिचाऱ्याला.

आता कामाचं. सहावा यायच्या आधी बाबांना पाचवा बांधून पुरा करायचाय. त्याच्या तीन तुकड्यांपैकी भाग एक आणि भाग दोन अजून फळीवर तसेच आहेत, सुटे, वर कागद गुंडाळून. भाग तीन तुझ्याकडे आहे. मला भांडायचं नाही. नेलास तर नेलास. आता तो पाठवून दे. मागचं काही काढणार नाही, विचारणारही नाही.

ताई


२१ मार्च

टाचणी,

पत्र पोचलं नसेल असं स्वतःला सांगून पाहिलं. पण पोस्टात काम करणारी बाई आपलं गिऱ्हाईक आहे. ती म्हणाली, पोचलंय.

मग खरं कारण सांगते. पहिल्या पत्रात सांगायचं नव्हतं, कारण ते सांगितलं की मी तुला दयेत अडकवतेय असं तुला वाटलं असतं. बाबांची नजर जातेय. मोतीबिंदू असता तर काढून टाकला असता. हे पडद्याचं आहे, मधोमध. समोर बघितलं की माणसाचं तोंड जातं आणि कान तेवढे दिसतात, असं ते सांगतात. “बरं आहे, तुझा कंटाळलेला चेहरा दिसत नाही,” असंही म्हणतात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, शरद ऋतूपर्यंत काही बारीक कामं जमतील. पुढचं त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

शिवण ते अजून बोटांनी करतात. सुईत दोरा मी ओवून देते. दिवसातून तीनदा थेंब घालते. महाविद्यालयांचे प्रबंध येताहेत, प्रत्येकाला कालच हवा असतो, आणि सोनेरी अक्षरांत मार्गदर्शकाचं नाव चुकलं की मुलं रडायला लागतात. मनगट दुखतं. दुपारी दोन वाजता मी पुठ्ठ्यांच्या गठ्ठ्यावर बसते आणि दहा मिनिटं नुसती बसून राहते. बाबांना वाटतं, मी हिशोब लावतेय. मी काहीच लावत नसते.

तुला आठवतं का, पहिलं पुस्तक बाबांनी कसं तोडलं होतं? तिघांना एकदम वाचायचं होतं आणि प्रत एक. तू नऊ वर्षांची, रडून डोळे सुजवलेले. बाबांनी चाकू घेतला, कण्यावरून कापड सोलून काढलं, दोरे कापले, आणि सोळा-सोळा पानांचे फर्मे मोजून तीन भाग केले. आई म्हणाली, “अहो, नवं कोरं पुस्तक!” बाबा म्हणाले, “बाइंडरच्या घरात पुस्तक तुटत नाही, फक्त सुटं होतं.” तुला धीर नाही म्हणून पहिला भाग तुला, तुझा झाला की मला, मग बाबांना. जो पुढे असेल त्यानं चेहऱ्यानंसुद्धा काही सांगायचं नाही. तिसऱ्या पुस्तकाच्या वेळी जेवताना तुझ्या तोंडावरून सगळं कळत होतं, म्हणून बाबांनी तुझ्या डोक्यावर पंचा टाकला होता. तू पंच्याखाली जेवलीस. आई हसून हसून उठून गेली.

सगळ्यांचं झालं की बाबा पुन्हा शिवून बांधायचे, पहिल्यापेक्षा मजबूत. अशी चार पुस्तकं कपाटात उभी आहेत. पाचवं आडवं पडलंय.

पाठव गं. एवढं तरी.

ताई


९ एप्रिल

टाचणी,

तुझं कार्ड मिळालं. दोन ओळी. “भाग तीन माझ्याकडे नाही. कधीच नव्हता.” आणि खाली, “बाबांचा कुठला डोळा?”

दोन्ही. डावा जास्त.

कार्ड बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी ते हातात घेतलं, कडेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, “चांगला कागद आहे.”

तू नाही म्हणतेस. बरं. तू गेलीस त्या दिवशीही नाहीच म्हणाली होतीस. आदल्या संध्याकाळी तूच आधी विचारलं होतंस, “भाग तीन कुठाय?” मला ते नाटक वाटलं. कारण फळीवर तो एक दिवस आधी होता आणि तुझी बस दुसऱ्या सकाळी होती. मी वाद घालत नाही. फक्त सांगते की मला तो सगळा दिवस स्पष्ट आठवतो. तुला वेगळा आठवत असेल.

दुकानातल्या बाई म्हणाल्या, पाचव्याची नवी प्रत सहज मिळते, मागवू का? बाबा म्हणाले, “आपली प्रत आहे घरात.” मी म्हटलं, “अर्धवट आहे.” ते म्हणाले, “अर्धवट असली तरी आपलीच आहे ना?” अकरा वर्षं हाच संवाद चाललाय, तीन-चार महिन्यांनी एकदा. मीही शेवट कुठे वाचला नाही. कुणी सांगायला लागलं तर उठून जाते. तीनशे बावन्नाव्या पानावर नावाडीण किल्ल्याच्या बंद दारापाशी कंदील घेऊन उभी आहे. ती ठोठावते. “आतून आवाज आला,” आणि पान संपतं. फर्मा तिथेच संपतो, त्याला गोष्टीचं काय!

ती अजून उभीच आहे, आणि मीही, सकाळी साडेसातपासून.

ताई


१७ मे

टाचणी,

जूनची तारीख गेली. आता ऑक्टोबर. लेखिकेची प्रकृती बरी नाही, शेवटची प्रकरणं पुन्हा लिहितेय, वगैरे. मी चिडले नाही. चिडायलाही अंगात काही लागतं. बाबा म्हणाले, “लिहू दे तिला नीट. घाईत बांधलेलं पुस्तक उलतं.” मग काही वेळानं विचारलं, “ऑक्टोबर म्हणजे शरद ऋतू संपत आलेला असतो ना गं?”

मी म्हटलं, “सुरूच झालेला असतो.”

काल त्यांनी माझा हात धरून भिंतीकडे नेलं, खळीच्या फळीमागे. “आहे का अजून?” आहे. तुझा पेन्सिलीचा नकाशा, घंटांचा देश, नऊ नद्या आणि खाली डाव्या कोपऱ्यात ‘इथे ड्रॅगन झोपतो, आवाज करू नये’. दोनदा रंग दिला भिंतीला, बाबांनी रंगाऱ्याला तेवढी जागा सोडायला लावली. रंगारी म्हणाला, “डाग आहे, काका.” बाबा म्हणाले, “देश आहे.” तू आता खरे नकाशे काढतेस हे ते प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतात.

मला हे तुला लिहायचं नव्हतं. लिहून गेलं.

ताई


२ जून

टाचणी,

घाईत आहे. भाग तीन शोधू नकोस. पाठवू नकोस. तो विषय सोडून दे.

बाबा ठीक. डोळे तसेच.

ताई


११ जून

टाचणी,

मागचं पत्र टाकल्यापासून झोप नीट नाही. काम चुकतंय. एका प्रबंधाची पानं उलटी शिवली. आता सगळं सांगते, मग तू हे पत्र फाड नाहीतर ठेव.

गेल्या महिन्याच्या शेवटी पशुवैद्यक महाविद्यालयाच्या ग्रंथालयातून दुरुस्तीचं गाठोडं आलं. जुनी त्रैमासिकं, चार-चार अंक एकत्र बांधलेले जाड खंड. हे काम वर्षानुवर्षं आपल्याकडे आहे, तुला माहीत आहे. ग्रंथपाल स्वतः आले होते. म्हणाले, “बाकी सगळे कडेला झिजलेत, हा एकच मधोमध फाटलाय. नेहमी एकाच जागी उघडत असणार.”

मी तो टेबलावर ठेवला. तो आपोआप उघडला. डाव्या पानावर गुरांच्या खुरांचे आजार आणि त्यांचे उपचार. उजव्या पानावर तीनशे त्रेपन्न.

सहाही फर्मे. शहाण्णव पानं. खुरांचे आजार आणि कोंबड्यांच्या लशी यांच्यामध्ये, पक्के शिवलेले. आणि टाचणी, आख्ख्या खंडात तेवढीच पानं मळलेली होती. बोटांचे ठसे, चहाचं एक वर्तुळ, दुमडलेले कोपरे. समासात कुणीतरी पेन्सिलीनं लिहिलंय, “हे जनावर अभ्यासक्रमात आहे का?” खाली दुसऱ्या अक्षरात, “नाही, पण वाच.” अकरा वर्षं गुरांचे डॉक्टर व्हायला आलेली मुलं ते वाचत होती. सगळ्यांनी वाचलं, आपण सोडून.

हसू आलं मला. खरंच आलं. मग मी शिवण बघितली.

बाबांची गाठ उजवीकडे असते. मी डावखुरी, माझी डावीकडे. आपल्या खोलीत डावीकडे गाठ मारणारं दुसरं कुणी कधी नव्हतं.

तो आठवडा आता पुन्हा आठवून पाहिला. इतकी वर्षं तो मला स्पष्ट आठवत होता, तुला लिहिलंच होतं तसं. आई दवाखान्यात. रात्रीची पाळी तुझी, दिवसा माझी आणि बाबांची आलटून पालटून. त्रैमासिकांचं काम तुंबलेलं. तुझ्या जाण्याच्या आदल्या दुपारी मी दवाखान्यातून आले, हात धुतले, फळीवरचे गठ्ठे उचलले आणि शिवत सुटले. आकार एकच, कागदही जवळजवळ तसाच. पानं मोजली नाहीत. बाबांनी शिकवलेली पहिली गोष्ट, शिवण्याआधी फर्मे मोज. मोजले नाहीत. संध्याकाळी खंड गेले ग्रंथालयात. आणि तासाभरानं तू विचारलंस, “भाग तीन कुठाय?”

सकाळी मी तुला काय म्हणाले ते तुला माझ्यापेक्षा जास्त आठवत असेल. “आईला टाकून चाललीस ते चाललीस, पुस्तकही तोडून नेतेस?” तू बॅग उलटी केलीस, याच फरशीवर. कपडे, टूथब्रश, तो पिवळा स्वेटर. “बघ. घे झडती.” आणि मी म्हणाले, “कोटाच्या अस्तरात असेल.” तू कोट काढून माझ्यापुढे धरलास. मी तो चाचपला, टाचणी. तू माझ्याकडे बघत होतीस आणि मी अस्तर चाचपत होते.

नोकरीवर रुजू व्हायची तारीख तू दोनदा पुढे ढकलली होतीस, हे मला माहीत होतं. डॉक्टर म्हणाले होते, आईला काही महिने आहेत. दोन आठवडेच निघाले, त्यात तुझा काय दोष? आई गेली तेव्हा तू फोनवर रडत म्हणालीस, “मी निघते.” मी म्हटलं, “आता कुणासाठी येतेस?” हे बाबांना माहीत नाही. त्यांना वाटतं, तुला रजा मिळाली नाही.

अजून एक आहे. हेच लिहायचं टाळत होते.

आई वाचायची नाही, तिला गोष्ट ऐकायची असायची, आणि ती तुझ्याकडून. आम्ही सांगितली तर म्हणायची, “तुम्ही बातमी देता. ती गोष्ट सांगते.” शेवटच्या आठवड्यात एका दुपारी तिनं मला विचारलं, “त्या नावाडणीचं पुढे काय झालं गं? दार उघडलं का?” मी उशी सरळ करत होते. म्हणाले, “मला काय विचारतेस? पुढचं तुझ्या लाडकीनं नेलंय बरोबर.”

आईनं छताकडे बघितलं. मग म्हणाली, “नेलं असेल तर वाचून सांगेल.”

एवढंच. तिला राग आला नाही. तिला त्यात चोरी दिसलीच नाही.

ती खोटं घेऊन गेली, आणि ते मी दिलेलं होतं.

माफ कर असं लिहायला घेतलं आणि दोनदा खोडलं. शब्द फार लहान आहे आणि मी फार उशिरा आलेय. बाबांना अजून सांगितलेलं नाही. खंड टेबलाखाली आहे, फडक्यात गुंडाळून. मला भीती वाटते. सत्तेचाळीस वर्षांची बाई बापाला घाबरते, हस.

ताई


२० जून

टाचणी,

सांगितलं.

रविवारी, खोली बंद असताना. त्यांच्या पुढ्यात खंड उघडा ठेवला आणि काही न बोलता त्यांचं बोट शिवणीवर नेलं. बोट दोऱ्यावरून खाली गेलं, गाठीपाशी थांबलं.

“ही तुझी,” ते म्हणाले.

“हो.”

“कसलं पुस्तक?”

“गुरांचं. आणि मध्ये आपलं. भाग तीन.”

बोट तिथंच होतं. घड्याळजीच्या दुकानातल्या घड्याळांची टिकटिक भिंतीतून येत होती, ऐकत बसलो दोघं. मला वाटलं, आता बोलतील मला. ते म्हणाले, “ती बॅग उलटी करत होती तेव्हा मी कुठं होतो?”

“स्टुलावर. इथेच.”

“हं. मीही काही बोललो नाही.” मग म्हणाले, “तू थकली होतीस. मला काय झालं होतं?”

मी फोनवरचं बोलणंही सांगून टाकलं, आणि आईचं. आईचं ऐकल्यावर त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला, तसा त्याचा आता काही उपयोग नाहीच. “वाचून सांगेल, म्हणाली?” “हो.” “मग झालं तर. तिला बरोबरच माहीत होतं.”

सोमवारी दुपारभर मी ओलं फडकं लावून कण्यावरची खळ मऊ केली आणि एकेक फर्मा सोडवला. दोरा मी कापला, गाठ मी सोडवली. पानांना सुईची भोकं पडलीत, समासातली पेन्सिल तशीच ठेवलीय. ग्रंथालयाचा खंड पुन्हा शिवून दिला, फर्मे मोजून. ग्रंथपालांना सगळं सांगितलं तर ते गंभीरपणे म्हणाले, “विद्यार्थी तक्रार करतील.”

बाबांनी विचारलं, “नंबर कुणाचा होता?”

“टाचणीचा. तिचा भाग दोन झाला होता.”

“मग तिच्याकडे जाऊ दे.”

“बाबा, तुमचे डोळे—” मी म्हटलं. “आधी बांधून घेऊ. मग तिला दुसरी प्रत—”

“नंबर तिचा होता,” ते म्हणाले, आणि हाताशी असलेला पुठ्ठा उगीच सरळ केला. “आणि मला आता वाचता थोडंच येणार आहे? तू वाचून दाखवशील तर बातमी देशील.”

म्हणून या पत्राबरोबर पाकीट आहे. शहाण्णव पानं, दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये. मी वाचलेली नाहीत. सोडवताना पहिली ओळ नजरेस पडली. आतून काय आवाज आला ते मला माहीत आहे आणि मी ते तुला सांगणार नाही, नियम आहे. लिहिताना पंचा घ्यायला हवा होता.

तू अकरा वर्षांत तिकडे दुसऱ्या प्रतीत वाचून टाकलं असशील तर त्यात काही वावगं नाही. तरी ही पानं घे. आणि वाचून झाली की फोन कर. मी उचलेन, आणि पुठ्ठे कापायला जाणार नाही. बाबा आणि मी दोघं बसू, तू सांग. एका दिवसात नको, आईला सांगायचीस तशी, रोज थोडी. मग पानं घेऊन ये. पोस्टानं पाठवलीस तरी चालतील, पण घेऊन ये.

तुला राग असेल तर तो ठेव. पानं तरीही वाच.

काल बाबांनी भाग एक आणि भाग दोन शिवायला घेतले. सुईत दोरा मी ओवून दिला, लांब. बावीस फर्मे झाले. बाविसाव्यापाशी ते थांबले, गाठ मारली नाही. मी कात्री पुढे केली तर त्यांनी हात बाजूला सारला. पुस्तक आता टेबलावर आहे, वर वजन ठेवलंय. कण्यातून दोरा बाहेर आलाय, टोकाला सुई तशीच. सहा फर्म्यांना पुरेल एवढा आहे, मोजलाय मी.

ताई